मेंढा (लेखा): जंगल गावाचं, जमीनही गावाची

(दृश्य: गडचिरोली–धानोरा रस्ता. दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, मधूनच धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं.)

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर मेंढा लागतं. ग्रामपंचायत लेख्याची, म्हणून नाव लिहितात मेंढा (लेखा). शंभराच्या आसपास घरं, वस्ती गोंडांची, जवळून वाहणारी कठाणी नदी. गावाची घोषणा आता महाराष्ट्रभर माहीत आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ ऐकणाऱ्याला ती बंडाची वाटते. पण तिचा पहिला अर्धा भागही तितकाच मनापासून म्हटलेला आहे. दिल्लीचं सरकार या लोकांनी आपलंच मानलंय, फक्त त्याची हद्द कुठे संपते ते सांगून टाकलंय.

ही हद्द सांगायची वेळ आली ती 1980च्या दशकात. इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांखाली जिल्ह्यातलं जंगल आणि गावं बुडणार होती. ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे त्यात होते. मेंढ्याचे नेते देवाजी तोफा याच आंदोलनात घडले. त्याच काळात गावाने घोटुल, म्हणजे गोंड तरुण-तरुणींचं एकत्र जमायचं घर, बांधलं. लाकूड विनापरवाना आणलं म्हणून वनखात्याने ते पाडलं. गावाने पुन्हा बांधलं, आणि एवढ्यावर न थांबता आजूबाजूच्या गावांनीही आपापली घोटुलं उभारली. खात्याने किती ठिकाणी पाडापाडी करायची?

(दृश्य: ग्रामसभा. बायका आणि पुरुष गोल करून बसलेले.)

चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल इथे आले ते अभ्यास करायला. त्यातून गावात अभ्यास गट सुरू झाला. तिथे चर्चा करायची, माहिती काढायची, कायदा वाचायचा. निर्णय मात्र तिथे होत नाही, तो ग्रामसभेत होतो, आणि सर्वसहमतीने. मतदान नाही, हात वर करणं नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीला. बाहेरच्याला हे फार वेळखाऊ वाटतं, आणि आहेही. पण मतदानात हरलेला माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात जाऊ शकतो. ज्याने स्वतः हो म्हटलंय, त्याच्यावर पाळत ठेवावी लागत नाही.

जंगलाचे नियम असेच ठरले. फळांसाठी झाड तोडायचं नाही. पूर्वी चारोळीसाठी चाराचं अख्खं झाड आडवं व्हायचं, ते बंद. आग लावायची नाही. आग्या मोहोळाचा मधही आता पोळं न जाळता काढतात. अंगभर जाळीचा पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायचा, अंडी-पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माश्या तिथेच राहतात आणि पोळं पुन्हा भरतं.

(दृश्य: बांबूची रांजी, म्हणजे बांबूचं बेट. एक माणूस वाकून कोयता चालवतोय.)

आता बांबू. याच्याकडे जरा थांबून पाहू. ही एक रांजी, मानवेल बांबूची. कडेचे हिरवेगार, अजून पानं नीट न फुटलेले ते यंदाचे कोंब, त्यांना हात लावायचा नाही. कापायचे ते आतले, जून झालेले. कापही जमिनीलगत घ्यायचा नाही आणि कमरेइतका उंचही नाही. खालचं एखादं-दुसरं पेर राखून त्याच्या वर कोयता. आत शिरायला एका बाजूने वाट उघडतात आणि बाकीची कड घोड्याच्या नालेच्या आकारात उभी ठेवतात, म्हणजे वाऱ्यात रांजी कोसळत नाही. पावसाळ्यात तोड बंद, कारण तेव्हा नवे कोंब वर येत असतात.

वर्षानुवर्षं हा बांबू करारावर बल्लारपूरच्या कागद गिरणीला जायचा. गावाने त्याला विरोध केला. पण विरोधाला कायद्याचा आधार मिळाला तो वनहक्क कायद्याने. कायदा 2006चा. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा होतं.

तरी बांबू विकता येईना. 1927च्या भारतीय वन अधिनियमात तेव्हा बांबू ‘झाड’ होता, वनहक्क कायद्यात तोच ‘गौण वनोपज’, म्हणजे लाकूड सोडून जंगलातलं बाकीचं उत्पन्न. वनखातं वाहतूक परवाना देईना. आणि परवान्याशिवाय मालकी काय कामाची? ट्रक नाक्यावर अडणारच. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. मग ग्रामसभेने लिलाव केला, मजुरी वाटली, हिशेब ठेवले, स्वतःचं पॅन कार्डही काढलं.

(दृश्य: रोवणी. चिखलात ओळीने वाकलेल्या बायका, बांधावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या.)

जंगल गावाचं झालं. मग शेत? 2013 मध्ये गावाने ठराव केला की आपापली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायची. आधार 1964च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा. ग्रामदान म्हणजे जमिनीची मालकी गावाला देणं. विनोबांच्या चळवळीतून आलेला हा कायदा पुस्तकात होता, पण तो वापरायचं कुणाच्या मनात येत नव्हतं.

सगळे मिळून एकच शेत कसतात, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. बांधी ज्याची त्यानेच कसायची, धान त्याच्याच घरी जाणार, मुलाबाळांकडे वहिवाटही तीच चालणार. विनोबांच्या सुलभ ग्रामदानात विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी आणि उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषासाठी, म्हणजे गावाच्या निधीसाठी, ठेवलेला असतो. गेला तो फक्त एक अधिकार: जमीन परस्पर बाहेरच्याला विकण्याचा. अडीनडीला, लग्नाला, दवाखान्याला शेत सावकाराच्या घशात जातं, ते याच अधिकारापायी. जो अधिकार बहुतेक वेळा संकटातच वापरला जातो, तो एकट्याकडे असण्यापेक्षा गावाकडे असलेला बरा, हा मेंढ्याचा हिशेब मला पटतो.

सरकारी यंत्रणेला तो पटायला मात्र फार वेळ लागला. ठराव झाला, कागद गेले, आणि वर्षांमागून वर्षं गेली. अखेर ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची पायरी चढावी लागली. मालकी सोडायला निघालेल्या शेतकऱ्यांनी ती सोडू द्या म्हणून कोर्टात जावं, असा खटला फारसा ऐकिवात नाही.

दरम्यान कुणी थांबलं नव्हतं. मृगात पऱ्हे टाकले जात होते, तेंदूपत्त्याचे पुडे बांधले जात होते, आणि एखाद्या विषयावर एकाचंही मन मानत नसेल तर तो विषय पुढच्या बैठकीला जात होता.