हळदीची दोन घरं

नमस्कार श्रोतेहो.

आज सुडोकूबद्दल बोलायचं आहे. ते कसं सोडवायचं हे मी सांगणार नाही, ते तुम्हाला येतं. आडव्या नऊ ओळी, उभ्या नऊ ओळी, तीन बाय तीनच्या नऊ चौकटी, प्रत्येकीत एक ते नऊ, आणि कुठल्याही एकीत तोच आकडा दोनदा यायचा नाही. संपला नियम. मला सांगायचंय ते पुढचं. हे सुडोकू घरच्या घरी तयार कसं करायचं, आणि त्यात आपला स्वतःचा एखादा नियम कसा घुसवायचा.

कागद आणि पेन्सिल जवळ घेऊन बसा, शेवटी एक कोडं घालणार आहे. पेन नको, पेन्सिल. पेननं सुडोकू सोडवणाऱ्या माणसांना आपण चुकू शकतो हे मुळातच मान्य नसतं, त्यामुळं माझं त्यांच्याशी फारसं जमत नाही. एक अपवाद आहे, तो आता येईलच.

त्याआधी थोडा इतिहास, लगेच संपवतो. नाव जपानी असलं तरी हे कोडं जन्मानं जपानी नाही. हॉवर्ड गार्न्स नावाचे अमेरिकेतले एक निवृत्त आर्किटेक्ट होते, वय वर्षं ७४. त्यांनी केलेलं हे कोडं १९७९ साली तिथल्या एका मासिकात ‘नंबर प्लेस’ या नावानं आलं. पुढं १९८४ मध्ये जपानच्या ‘निकोली’ या कोड्यांच्या प्रकाशनानं ते घेतलं, आणि माकी काजी यांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं. त्याचा अर्थ, आकडे अविवाहितच हवेत. म्हणजे ओळीत प्रत्येक आकडा सडाफटिंग! ते नाव आखडून सुडोकू झालं. २००४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘टाइम्स’नं ते छापायला घेतलं, आणि तिथून फिरत फिरत ते आपल्याकडं राशिभविष्याच्या शेजारी येऊन बसलं. झाला इतिहास.

आता गोष्ट. ही मी इतक्यांदा सांगितलीय की ती सुरू झाली की आमच्या घरातली माणसं उठून आत जातात. रेडिओचं हे बरं आहे, तुम्ही उठलात तरी मला दिसत नाही.

ऑगस्ट २०१९. सांगलीकराला एवढं सांगितलं की बास. आमचं घर गावभागात, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यात पाणी शिरलं तसं खालचं बिऱ्हाड वर आमच्याकडं आलं. दोन बॅगा, एक शेगडी, तांदळाचा डबा, आणि दुसरीतल्या नातवाचं दप्तर. बिऱ्हाडाचे कर्ते म्हणजे अण्णा, एसटीतले निवृत्त कंडक्टर. आणि आमच्या घरात माझी आत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, सगळी नोकरी चौथीच्या वर्गावर काढलेली. ते तिला ‘बाई’ म्हणायचे, ती त्यांना ‘अण्णा’. दोघंही रोज सुडोकू सोडवणारी, पण आपापल्या मजल्यावर, आपापल्या पेपरात. आत्या पेन्सिलनं, अण्णा बॉलपेननं.

लाइट गेलेली. मोबाइल मेलेले. पेपरचा तर प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलेले जुने पेपर एकेक डबा उचलून तपासले. सुडोकू होती, पण सगळी आत्यानं सोडवलेली. एकावर तर तेलाच्या बरणीचा गोल डाग पडलेला, तरी त्याच्याखाली आकडे भरलेले.

“बाई, एखादं तरी कोरं सोडायचं की हो.”

आत्या उठली, नातवाच्या दप्तरातनं चौकटीची वही काढली आणि म्हणाली, “थांबा, करते एक.”

तिनं ते कसं केलं ते नीट ऐका, कारण तुम्हालाही हेच करायचंय. पहिल्या ओळीत तिनं एक ते नऊ सरळ लिहिले. दुसरी ओळ चारपासून सुरू केली, चार पाच सहा सात आठ नऊ, आणि मग एक दोन तीन. तिसरी ओळ सातपासून. मग चौथी दोनपासून, पाचवी पाचपासून, सहावी आठपासून. सातवी तीनपासून, आठवी सहापासून, नववी नऊपासून. परत सांगतो, ओळींचे पहिले आकडे असे: एक चार सात, दोन पाच आठ, तीन सहा नऊ. फळ्यावर पाढा उतरवावा तसं पाच मिनिटांत सुडोकू भरून तयार!

मी म्हटलं, “अगं, हे तर कुणीही ओळखेल.”

“ओळखू दे की. अजून पिसलंय कुठं?” पत्ते पिसावेत तशा तिनं ओळी पिसल्या. पहिली खाली, तिसरी वर. चौथी आणि सहावीची अदलाबदल. पण एक पथ्य. वरच्या तीन ओळी आपसातच बदलायच्या, मधल्या तीन आपसात, खालच्या तीन आपसात. पहिली ओळ उचलून पाचवीच्या जागी टाकली की चौकटी मोडल्या. उभ्या ओळींचंही तसंच. मग आकड्यांना नवी नावं दिली. सगळ्या एकांचे सात केले, सातांचे दोन केले, असं करत करत मूळचा पाढा कुठल्या कुठं गेला. आणि मग खोडरबर घेतलं. एक आकडा पुसायचा आणि बघायचं, उरलेल्यांवरून हा परत आणता येतो का? येतो. मग पुढचा.

रात्री मेणबत्तीच्या उजेडात अण्णांनी ते सोडवलं. सकाळी वही पुढं केली. आत्यानं आपल्या उत्तराशी ताडून बघितलं आणि म्हणाली, “अण्णा, चुकलंय.”

“कुठं चुकलंय? दाखवा.”

आणि तिला दाखवता येईना. आडव्या ओळी बरोबर. उभ्या बरोबर. चौकटी बरोबर. तरी सहा घरांत अण्णांचं उत्तर वेगळं! वरच्या दोन ओळींत तीन-तीन घरं, प्रत्येक चौकटीतली दोन. आत्याकडं वर तीन, आठ, पाच आणि खाली आठ, पाच, तीन. अण्णांकडं वर आठ, पाच, तीन आणि खाली तीन, आठ, पाच. म्हणजे खालचे तीन वर आणि वरचे तीन खाली, बस्स. पुसण्याच्या भरात तिनं ही सहाच्या सहा घरं साफ केली होती. त्यातलं एक जरी ठेवलं असतं तरी भागलं असतं.

अण्णा म्हणाले, “माझ्या वेबिलात अशी दोन उत्तरं आली असती तर मला घरी बसवलं असतं, बाई.”

आत्या काही बोलली नाही. दुपारची आमटी तिनं गप्प बसून केली आणि तिखट केली. मी हळूच सुचवलं की एक आकडा जादा दे आणि विषय संपव. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला चौथीचा वर्ग आठवला. आकडा वाढवायचा म्हणजे चूक कबूल करायची, आणि तीही चारी बाजूंनी पाणी असताना. जाणार कुठं?

आमटी उतरवल्यावर तिनं मिसळणाचा डबा उघडला, हळदीत ओलं बोट बुडवलं, आणि वहीतली दोन घरं पिवळी केली. एक त्या सहांतलं, पहिल्या ओळीतलं, आणि दुसरं त्याच्या शेजारचं. शेजारच्या घरात चार होते. मग पेन्सिलनं बाजूला लिहिलं, बेरीज सात. वही अण्णांसमोर ठेवली. “पिवळ्या घरांची बेरीज सात झाली पाहिजे. नवा नियम आहे.”

अण्णांनी बघितलं. त्यांच्या उत्तरात त्या घरात आठ. बराच वेळ वहीकडं बघत बसले आणि मग म्हणाले, “तिघांच्या बाकावर चौघं बसवलीत मी जन्मभर. पण सातात आठ न्हाई बसवता येत.” आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी हसलं.

श्रोतेहो, आजच्या भाषणात सांगण्यासारखं जे आहे ते हेच. आकडा द्यायच्या ऐवजी नियम द्या. पुन्हा सांगतो, आकड्याच्या जागी नियम.

गोष्ट अजून आहे. त्याच संध्याकाळी गॅलरीखालून बोट गेली. अण्णांनी वरून ओरडून विचारलं, “पुलाला किती?” खालून आलं, “सत्तावन्न!” कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे आपल्याकडं बारशाच्या पोरालाही ठाऊक असतं. सत्तावन्न ऐकल्यावर कुणी काही बोललं नाही. आत्या मात्र वहीत बघत होती. म्हणाली, “अण्णा, एक ते नऊची बेरीज करा बघू.”

करा तुम्हीही. एक आणि नऊ दहा, दोन आणि आठ दहा, तीन-सात दहा, चार-सहा दहा, मधले पाच. पंचेचाळीस. प्रत्येक ओळ पंचेचाळीस, प्रत्येक चौकट पंचेचाळीस. धोक्याची पातळी!

दुसऱ्या दिवशीच्या कोड्यात हळदच हळद. एका चौकटीत आठ घरांचे तीन गट केले होते, एकाची बेरीज तेरा, एकाची नऊ, एकाची सोळा. नववं घर कोरं, काही माहिती नाही. तेरा, नऊ आणि सोळा मिळून अडतीस. पंचेचाळीसातनं अडतीस गेले, राहिले सात. कोरं घर सात! अण्णा म्हणाले, “धोक्याच्या खाली सात फूट,” आणि सात भरले. बॉलपेननं.

पाणी उतरल्यावर, लाइट आल्यावर मला कळलं की जगात याला ‘किलर सुडोकू’ म्हणतात. तेही जपानमधूनच आलं, आणि ‘टाइम्स’नं २००५ पासून छापलं. ते आत्याला सांगितलं तर म्हणाली, “किलर कशाला? हळदीचं म्हण.” खरं आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली, हळद कुठं कुठं गेलीय, आणि आम्ही मात्र हल्ली घरात पाकिटातली आणतो. त्या पाकिटातल्या हळदीनं वहीवर डागसुद्धा धड पडला नसता. असो.

नियम आणखी कोणते देता येतील? सांगलीत बसून बुद्धिबळाचा नियम सुचला नाही तर इथं बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांना काय वाटेल! घोड्याची अडीच घरं घ्या. एका आकड्यापासून घोड्याच्या चालीवर जी घरं येतात, तिथं तोच आकडा नको. एवढा एक नियम घातला की रोजचं सुडोकू ओळखू येत नाही.

नियम किती काम करतो बघा. साध्या सुडोकूत निदान १७ आकडे तरी द्यावेच लागतात, १६ दिले तर उत्तर एकच निघत नाही. डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांनी हे २०१२ साली संगणकावर पडताळून दाखवलं. आणि २०२० मध्ये मिचेल ली यांनी एक सुडोकू केलं, त्यात दिलेले आकडे किती? दोन! फक्त दोन. बाकी सगळं नियमांवर. घोड्याच्या चालीवर तोच आकडा नको, राजाच्या चालीवर नको, आणि शेजारच्या घरात लागोपाठचा आकडा नको, म्हणजे चारला चिकटून तीन किंवा पाच नको. तेवढ्यावर उत्तर एकच.

लहान मुलांसाठी आकडेही नकोत. साध्या सुडोकूत बेरीज-वजाबाकी कुठं असते? आकडे म्हणजे नुसती नावं. नवरात्राचे नऊ रंग घ्या, खडूनं भरा. नवग्रह घ्या. मात्र राहू आणि केतू एका चौकटीत आले म्हणून कुणी शांत करायला सांगू नये.

हे केल्यानं बुद्धी वाढते का, असं लोक मला विचारतात. आत्यानं बुद्धी वाढवायला कधी सोडवलं नाही. ती दुपारी झोप येऊ नये म्हणून सोडवते. आणि मोबाइलवरच्या सुडोकूत वर घड्याळ पळत असतं, ते बंद करा. कोडं म्हणजे काय पॅसेंजर गाडी पकडायची आहे?

आपण केलेल्या कोड्याचं उत्तर एकच आहे का, हे मात्र दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. स्वतः तपासू नका, आपल्याला आपलंच उत्तर दिसतं. घरात एक अण्णा लागतो.

आता कोडं. चार बाय चारचं, आकडे एक ते चार, दोन बाय दोनच्या चार चौकटी. सोळा घरं काढा. काढली? पहिल्या ओळीत पहिलं घर, एक. दुसऱ्या ओळीत दुसरं घर, चार. तिसऱ्या ओळीत शेवटचं घर, तीन. चौथ्या ओळीत तिसरं घर, दोन. परत सांगतो. पहिल्या ओळीत पहिलं, एक. दुसऱ्या ओळीत दुसरं, चार. तिसऱ्या ओळीत शेवटचं, तीन. चौथ्या ओळीत तिसरं, दोन.

एवढ्यावर सोडवलंत तर घरात दोन उत्तरं निघतील, दोन्ही बरोबर, आणि आमटी तिखट होईल. म्हणून पहिल्या ओळीतली मधली दोन घरं, दुसरं आणि तिसरं, त्यांना हळद लावा. बेरीज सात.

नमस्कार.