बिऱ्हाड हलवण्याआधीची वही

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा भाचा हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरहून पुण्याला माझ्याकडे आला. पिशवीत शेंगाचटणीचा डबा आणि खिशात दोन नोकऱ्यांची पत्रं. एक हिंजवडीची, एक मुंबईत अंधेरीची. सोलापुरात त्याला महिना ४० हजार हातात येतात. हिंजवडीत ६५ येतील, अंधेरीत ७५. घरी आई, शाळेत शिकवणारी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. म्हणाला, “मामा, यात विचार काय करायचाय? जास्तीचा आकडा घ्यायचा.”

मी बँकेत बदलीची नोकरी केली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं सहा गावांत सामान उतरवलंय. म्हटलं, आकडे राहू देत, आधी वही काढ. आणि पहिल्या पानावर खर्च लिहू नकोस. सोलापुरात तुला काय काय फुकट मिळतं, ते लिही.

सुरुवातीला त्याला काही सुचेना. मग लिहायला लागला. वडिलांनी बांधलेलं घर, भाडं नाही. मुलगी दिवसभर आजीजवळ, पाळणाघर नाही. ऑफिस स्कूटरवर दहा मिनिटं, दुपारी जेवायला घरी. रात्री ताप आला तर गल्लीतले डॉक्टर दार उघडतात. पान भरलं. डाळ-तांदळाच्या भावात सोलापूर आणि पुण्यात काही जमीन-अस्मानाचा फरक नसतो. शहर महाग पडतं ते या पानामुळे. इथली प्रत्येक ओळ तिकडे गेल्यावर विकत घ्यावी लागते.

मग हिंजवडीचा हिशोब मांडला. घरखर्चाला सोलापुरात २८ हजार जातात, १२ शिल्लक पडतात. हिंजवडीजवळ पुनावळ्याला वन बीएचके बघितलं, मेंटेनन्स धरून १८. बायकोला इथे शाळा मिळाली की पाळणाघर ६. पेट्रोल आणि महिन्याकाठी सोलापूरची फेरी मिळून ४. म्हणजे नवा खर्च २८, जुना २८, एकूण ५६. पासष्टातून उरले ९. पगार पंचवीस हजारांनी वाढला आणि शिल्लक तीन हजारांनी घटली! त्यानं दोनदा बेरीज करून पाहिली. बायकोची सोलापुरातली शाळा सुटेल आणि नवी जूनच्या आधी मिळणार नाही, हे तर आम्ही धरलंच नव्हतं.

आणि हा झाला दर महिन्याचा हिशोब. पहिल्या महिन्यात डिपॉझिट, एजंटला एक भाडं आणि ट्रक. भाडेकरारावरून आठवलं. करार अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला, असं सांगणारे एजंट अजून भेटतात. ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची.

मुंबईचं काय? केंद्र सरकार घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग करतं. जानेवारी २०२४पासून मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के. सोलापूर वाय वर्गात, पुणे आणि मुंबई दोन्ही एक्समध्ये. मूळ वेतन ४० हजार असलं तर सोलापुरात ८ हजार, पुण्यात १२ आणि मुंबईतही १२च. सरकारच्या लेखी ही दोन शहरं सारखी असतील, घरमालकांच्या लेखी नाहीत.

अंधेरीत भाड्यानं घर घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून डोंबिवली धरली. डोंबिवलीहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी. दारापासून दारापर्यंत दीड तास, येताना दीड. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंच्याहत्तर तास. म्हणजे तीन अख्खे दिवस आणि तीन अख्ख्या रात्री. पण मुंबईवर अन्याय नको. लोकलचा पास स्वस्त, गाडी घ्यायची गरज नाही, आणि रात्री अकराला एकटी बाई गाडीतून उतरून घरी जाते, याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची मला माहीत नाही. पुण्यात दुचाकीशिवाय पान हलत नाही. मेट्रो २०२२मध्ये सुरू झाली खरी, पण ती तुमच्या घराजवळून जायला हवी ना.

एजंट घर दाखवतो रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना. म्हणून मी भाच्याला मंगळवारी नऊ वाजता माझी स्कूटर देऊन पुनावळ्याहून हिंजवडीला पाठवलं. भूमकर चौकातून त्याचा फोन आला, “मामा, मी अजून इथेच आहे.” परत येताना त्याला सोसायटीच्या वॉचमनशी बोलायला सांगितलं होतं. मे महिन्यात रोज किती टँकर येतात, हे बिल्डर सांगत नाही, वॉचमन सांगतो. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून पळून आलेल्या माणसानं हे विचारायलाच हवं.

इतकं झाल्यावर मला वाटलं, हा आता सोलापूरलाच राहतो. विचारलंही. जरा वेळानं म्हणाला, “मामा, सात वर्षं मी तेच काम करतोय. हिंजवडीत शिकायला मिळेल.” हे त्यानं आधी सांगितलं असतं तर अर्धी वही वाचली असती. मग ते तीन हजार नुकसानीत कशाला धरायचे? फी समजायची. फक्त किती वर्षं भरायची ते ठरवायचं. त्यानं तीन लिहिली.

ठरलं ते असं. जूनपर्यंत तो एकटाच पुण्यात, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्यानं घेऊन. तोवर बायको इथल्या शाळांत अर्ज करणार. शाळा लागली की घर.

राहिली माझी बहीण. तिला फोनवर सगळा हिशोब वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकला आणि विचारलं, “त्या फ्लॅटच्या गॅलरीत ऊन येतं का रे? पापड कुठे वाळवायचे?”

ही ओळ आमच्या वहीत नव्हती. आता आहे. पुढच्या मंगळवारी भाचा पुन्हा घर बघायला जातोय, या वेळी दुपारी बारा वाजता.

नमस्कार.