कमी हात लावायचा म्हणजे कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. वाइनच्या द्राक्षबागेत हस्तक्षेप कमी करा, असं सांगतात. तो नेमका कुठे कमी करायचा, ते पाहू.

खाण्याच्या द्राक्षांची बाग करणारा माणूस पहिल्यांदा वाइनच्या बागेत शिरला, की त्याला वाटतं मालकाचं इकडे लक्ष नाही. मणी बारीक, त्यात बिया, साल जाड. पण शिराझ, कॅबर्ने या लाल वाइनच्या वाणांना तेच हवं असतं. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, आणि मणी लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. थॉमसन या खाण्याच्या वाणाचा मणी फुगवायला आपण जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकात, घड बुडवतो, ते इथे मुळातच नको. हस्तक्षेप कमी करण्याचा हा पहिला धडा फुकटात मिळतो.

पुढचे मात्र महाग आहेत. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी कुले द सेरां ही जोली कुटुंबाची बाग आहे. १९८०च्या दशकापासून तिथे रासायनिक खत, तणनाशक नाही. तिथला वाण शेनिन ब्लां, नाशिकमध्येही तोच लावतात, म्हणून हे उदाहरण आपल्याला हमखास ऐकवलं जातं. पण तिकडचा वेल थंडीत पानं टाकून झोपतो. आपला वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करून माल जानेवारी ते मार्चमध्ये काढायचा. एप्रिलच्याच छाटणीवर पीक धरलं, तर घड ऐन पावसाळ्यात पिकायला येतील. तेव्हा कात्री काही सुटत नाही.

सोडायचं ते औषध. पण परतीच्या पावसात पोंग्यावर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, डाउनी हा बुरशीसारखा रोग आला, की तत्त्वं गुंडाळून ठेवावी लागतात. सेंद्रियवाले मग बोर्डो मिश्रणाकडे वळतात: मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना. याचा शोधही गमतीचा. बोर्डोजवळच्या मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर, चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून, हे निळसर मिश्रण शिंपडत. त्याच वेलींची पानं टिकली, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये उपाय म्हणून जाहीर केलं. पण तांबं मातीत जिरून नाहीसं होत नाही, साठत जातं. म्हणून युरोपीय संघाने ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. सेंद्रिय आहे म्हणून कितीही मारा, असं नाही. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगावरच्या गंधकाचंही तसंच. काढणीच्या तोंडावर मारलं, तर आंबवताना वाइनला सडक्या अंड्याचा वास येऊ शकतो.

मग खरा उपाय कोणता? वारा. फुटव्यांची विरळणी वेळेवर करा, पानांच्या बगलेतल्या फुटी खुडा, सकाळच्या उन्हाकडच्या बाजूने घडाजवळची पानं काढा. पानावरचं पाणी लवकर वाळलं, की डाउनीला जागा मिळत नाही. फवारणी कमी म्हणजे बागेतला फेरा जास्त आणि मजुरी जास्त, हे कुणी सांगत नाही. ओळींमध्ये ताग किंवा धैंचा पेरून गाडला, छाटलेल्या निरोगी काड्या बारीक करून बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, पसरल्या, तर तणनाशकाचा खर्च तरी वाचतो.

एस्टेटवाल्याला हे परवडतं, कारण द्राक्ष त्याचं आणि वाइनही त्याचीच. टनावर पैसे घेणारा करार शेतकरी घड विरळ करून उत्पन्न का घटवेल? माझ्या मते त्याने टनाचा भाव मागूच नये, एकरी भाव मागावा. फवारणी किती, घड किती ठेवायचे, साखर किती ब्रिक्सला तोडायचं आणि पावसाने नुकसान झालं तर ते कुणाच्या अंगावर, हे सगळं फळछाटणीच्या आधी करारात लिहून घ्यावं.

नमस्कार.