रोखीचा एकर

(दृश्य: सकाळ. वखरून तयार असलेलं वावर. दोन बायका एका ओळीत पुढे सरकत आहेत. आवाज फक्त पावलांचा.)

बोटाने मातीत भोक पाडायचं. त्यात सरकीचे दाणे टाकायचे, टाचेने माती ओढायची आणि पुढचं पाऊल टाकायचं.

याला इकडे टोबणी म्हणतात. हे यवतमाळ जिल्ह्यातलं एक कोरडवाहू गाव आहे, जून २०२४. पुढची बाई घरधनीण आहे, गाव तिला काकू म्हणतं. मागची सून. मुलगा बांधावर पाकीट फोडतोय. रंगीत औषध लावलेला एकेक दाणा मोजून द्यावा तसा देतोय.

मोजायलाच हवा. बीजी-टू या बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा सरकारने ठरवलेला भाव २०२४ मध्ये ८६४ रुपये होता. एकराला दोन पाकिटं लागतात, आणि वावर तीन एकराचं.

(दृश्य: कृषी केंद्राचा गल्ला. लाल कापडी बांधणीची वही.)

आता ही उधारीची वही बघा. कापूस पिकवणाऱ्या गावाची कुंडली सातबाऱ्यावर कमी आणि या वहीत जास्त सापडते. जूनमध्ये बियाणं, जुलैत खत, ऑगस्टमध्ये फवारणी, सगळं हिच्यात चढतं आणि दिवाळीनंतर कापूस निघाला की उतरतं. ज्याचं नाव वहीत आहे त्याने वाण निवडायचं नसतं. दुकानदार देईल ते पाकीट घेऊन निघायचं. तो वाईट माणूस आहे असं नाही. त्यालाही कंपनीकडून माल उधारीवरच येतो.

या घराचं नाव वहीत किती वर्षं आहे, ते काकूंना आठवत नाही.

(दृश्य: भिंतीवर हार घातलेला फोटो. त्याखाली लोखंडी पेटी.)

काका २०२२ च्या दिवाळीनंतर गेले. कसे, ते आम्ही कॅमेरा लावून विचारलं नाही.

केंद्र सरकारच्या पीएम किसान योजनेचा हप्ता त्यांच्या नावावर यायचा. योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट खात्यात. २०२३ पासून महाराष्ट्राने नमो शेतकरी योजनेतून तेवढेच आणखी घातले. म्हणजे वर्षाला १२,०००. काका गेले तेव्हा केंद्राचे पैसे थांबले आणि नमोचे या घरात सुरूच झाले नाहीत, कारण पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. त्याच वावरात तीस वर्षं निंदण केलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं.

(दृश्य: पेटीतून निघणारी प्लास्टिकची पिशवी. एकेक कागद खाटेवर.)

ही पिशवी काकूंनी आम्हाला स्वतः दाखवली. सगळ्यात वर मृत्यूचा दाखला. त्याखाली तलाठ्याकडे दिलेला वारसाचा अर्ज आणि फेरफाराची नोटीस. हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. सही झाली की नवा सातबारा आणि नवा आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या जमिनीचा उतारा. एवढं झाल्यावर पोर्टलवर नव्याने नोंदणी, तिची तालुक्याला मंजुरी, मग जिल्ह्याला. खातं आधारला जोडलेलं पाहिजे, आणि जोडलेलं असूनही पैसे घेण्यासाठी ते वेगळं जोडावं लागतं. हा फरक काकूंना चार फेऱ्यांनंतर कळला. आम्हाला त्यांच्याकडून कळला.

दर फेरीला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जायची.

मधेच २८ फेब्रुवारी २०२४ उजाडला. पंतप्रधान यवतमाळला आले आणि सोळावा हप्ता इथूनच सुटला. सोबत नमोचे दोन हप्ते आले. शेजारपाजारच्या खात्यांत एकाच दिवशी सहा-सहा हजार पडले. काकूंचा अर्ज तेव्हा मंजुरीच्या रांगेत होता.

(दृश्य: सेवा केंद्र. यंत्राच्या काचेवर अंगठा. लाल दिवा. पुन्हा अंगठा. पुन्हा लाल.)

शेवटची पायरी ई-केवायसीची, म्हणजे यंत्रावर ओळख पटवण्याची.

फुटलेल्या बोंडाला सुईसारखी टोकं असतात. वेचणीत ती बोटांत घुसतात, वर्षानुवर्षं. त्यात माती, चुन्याचं पाणी आणि निंदणाचं खुरपं. शेवटी बोटावरच्या रेषा राहत नाहीत आणि यंत्राला रेषाच लागतात.

अंगठा पदराला पुसून झाला. केंद्रातल्या पोराने तेलाचं बोट लावायला सांगितलं. मग डावा अंगठा. या काचेची आमच्याकडे चाळीस मिनिटांची फिल्म आहे, इथे अर्धंच मिनिट दाखवतोय.

बोटाऐवजी चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय जून २०२३ पासून आहे. ती या केंद्रात त्या दिवशी पहिल्यांदाच वापरली गेली. मोबाइल चेहऱ्यासमोर धरला. पोराने सांगितलं, काकू, डोळे मिचकवा.

(दृश्य: काकूंचा चेहरा, जवळून. आवाज नाही.)

(दृश्य: ओट्यावर फोन. संदेशाचा आवाज.)

१८ जून २०२४. वाराणसीहून सतरावा हप्ता सुटला. देशभरात ९ कोटी २६ लाख शेतकऱ्यांना मिळून २०,००० कोटींच्या वर. त्यातले २,००० या ओट्यावर आले. नातीने संदेश दोनदा वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशीचं हे दृश्य.

(दृश्य: कृषी केंद्र. काकू गल्ल्यासमोर. नोटा पदराच्या गाठीतून.)

शेजारच्या वावरात मागच्या वर्षी ज्या वाणाची बोंडं मोठी आली, त्याच वाणाची दोन पाकिटं काकू नाव घेऊन मागतात. दुकानदार मागे वळून फळीवरून ती काढतो. १,७२८ रुपये. उरले २७२. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, तीही घेतात. हातात साडेपाच रुपये उरतात.

बाकीची चार पाकिटं उधारीत, वहीत. पण तीन एकरांतला पहिला एकर रोखीचा आहे. सुरुवातीला टोबताना पाहिला तो हाच.

हे एवढंच दाखवायला आम्ही तीनदा इथे आलो, असं कुणी म्हणेल. म्हणू देत.

(दृश्य: ऑक्टोबर. पांढरं वावर. बांधावर दगड मांडून पूजा, दहीभात.)

वेचणीआधीची ही सीतादही. त्याआधी ५ ऑक्टोबरला वाशिमहून पुढचा हप्ता सुटला होता. केंद्राचे दोन हजार, नमोचे दोन हजार. वेचाई इथे किलोला दहा रुपये होती. चार हजारांत चार क्विंटल कापूस वेचून घरात आला.

घरात आला, हे महत्त्वाचं. एरवी मजुरांचे पैसे द्यायला पहिला कापूस ओलाच खेडा खरेदीत जायचा, दारात उभ्या गाडीवर, व्यापारी म्हणेल त्या भावाने. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. तो मिळायचा तर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर कापूस कोरडा लागतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, १२ च्या वर गेला तर गाडी परत. सुकवायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस थांबायला हातात पैसा लागतो.

(दृश्य: घरात छपरापर्यंत कापूस. त्यावर झोपलेली नात.)

त्या दिवाळीत नातीची फी वेळेवर गेली, सुनेने दुसऱ्याच्या वावरात जाणं कमी केलं, घराला एक दरवाजा बसला.

(दृश्य: वेचणाऱ्या मजूर बायका, ओटीत कापूस.)

या बायकांच्या नावावर वावर नाही, म्हणून हप्ताही नाही. मक्त्याने वावर कसणाऱ्यालाही नाही. ओडिशाने आपल्या कालिया योजनेत भूमिहीनांना घेतलं होतं. पीएम किसानमध्ये ते नाहीत.

(दृश्य: ऑगस्ट २०२५. कंबरेला लागलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. ओढून आलेलं आभाळ.)

वर्षभराने आम्ही पुन्हा गेलो. त्या वर्षी उन्हाळ्यानंतरचा हप्ता २ ऑगस्टला सुटला. टोबणी जूनमध्येच होऊन गेली होती, म्हणजे सहाच्या सहा पाकिटं वहीतून. वाण दुकानदाराच्या मर्जीचं.

२०१९ मध्ये, योजना आली तेव्हा, पाकीट ७३० रुपयांना होतं. २०२५ मध्ये ९०१ ला होतं. हप्ता तेव्हाही दोन हजार, आजही दोन हजार.

(दृश्य: तोच गल्ला. काकू, मागे मोटारसायकलवर मुलगा.)

काकू दोन पाकिटांचे पैसे फेडतात. १,८०२ रुपये. त्या दोन ओळींवर काट मारली जाते. उरले १९८. पऱ्हाटीला आता युरिया हवा आणि गोणी तीच, २६६ रुपये ५० पैसे.

मुलगा गोणी उचलून गाडीवर ठेवतो. काकू १९८ रुपये गल्ल्यावर ठेवतात. दुकानदार वही पुन्हा उघडतो आणि ६८ रुपये ५० पैसे लिहितो.

(दृश्य: वही. पेनाचं टोक. काळोख.)