नळामागचं तळं

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर करून.)

मंडळी, नमस्कार. आत मसालेभाताला वाफ येतेय आणि बाहेर माझ्या हातात माइक दिलाय. दोघांपैकी कुणाकडे तुमचं लक्ष राहणार हे मला कळतं. तरी थोडा वेळ द्या.

सकाळी अँट्रिममध्ये उतरल्या उतरल्या तुम्ही जो चहा घेतलात, त्याचं पाणी इथल्याच तळ्याचं. लॉख नेय (Lough Neagh). शेवटचं ‘जीएच’ गिळायचं असतं. मी पहिली दोन वर्षं ‘नीघ’ म्हणायचो आणि ऑफिसातली माणसं सभ्यपणे गप्प बसायची. उत्तर आयर्लंडला प्यायला लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 40 टक्के पाणी हे तळं देतं. सहापैकी पाच काउंट्या त्याच्या काठाला लागतात. ब्रिटन आणि आयर्लंड मिळून याच्याहून मोठं गोड्या पाण्याचं तळं नाही. आणि सुट्टी मिळाली की आपण जातो कुठं? समुद्रकाठच्या त्या दगडी खांबांकडे, जायंट्स कॉजवेला. भारतातून आई-बाबा आले की पुन्हा जायंट्स कॉजवेला.

गंमत म्हणजे दंतकथेत कॉजवे बांधणारा तो राक्षस, फिन मॅककूल, इथलाही आहे. शत्रूवर फेकायला त्यानं मातीचं भलंमोठं ढेकूळ उपसलं, नेम चुकला, ढेकूळ समुद्रात पडून आइल ऑफ मॅन बेट झालं आणि खड्ड्यात हे तळं साचलं. मला मात्र दुसरी गोष्ट आवडते. जरा चावट आहे, मुलं बाहेर खेळतायत तोवर सांगून टाकतो. एका राजाला मंतरलेला घोडा मिळतो, पण त्याला वाटेत थांबू द्यायचं नाही अशी अट असते. घोडा थांबतो, लघवी करतो आणि तिथून झरा फुटतो. राजा त्यावर झाकण बसवतो, राखायला एक बाई ठेवतो. एके दिवशी ती झाकण लावायला विसरते आणि रातोरात राज्य बुडतं. राजाची मुलगी ली बान तेवढी वाचते, अर्धी बाई आणि अर्धी सामन मासा होऊन. तिच्या कुत्र्याचं पाणमांजर होतं. कुत्र्याचीही सोय लावणारी दंतकथा मी दुसरी ऐकलेली नाही.

पण या तळ्याची खरी नायिका वाम, म्हणजे सापासारखा लांब ईल मासा. कोकणातल्या मंडळींना वाम काय सांगायची! इथली वाम मात्र जन्मते अटलांटिकच्या पार, सरगॅसो समुद्रात. काचेसारखी पारदर्शक पिल्लं दोन-तीन वर्षं प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि बान नदीच्या मुखाशी पोचतात. पुढची वाट अवघड, म्हणून काठावरचे कोळी ती धरून लॉरीनं तळ्यात आणून सोडतात. तिथं वाम दहा-वीस वर्षं चिखलात राहून वाढते. मग शरद ऋतूतल्या एखाद्या काळोख्या, वादळी रात्री, नदीला पाणी चढलेलं असताना, ती परत निघते. तोवर अंग रुपेरी झालेलं असतं. आता ती जन्मली त्याच समुद्रात जायचं, अंडी घालायची आणि संपायचं. टूम गावाशी नदीत तिच्यासाठी आडवी जाळी लावतात, पण कायद्यानं त्यात एक वाट मोकळी सोडावी लागते. सगळ्याच धरल्या तर पुढं काय, हे कुणीतरी वेळेवर ओळखलं.

वाम धरण्याचे हक्क पूर्वी एका कंपनीचे होते आणि भावही तिचाच. 1965 साली कोळ्यांनी सहकारी संस्था काढली आणि 1971 मध्ये ती कंपनी पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतली. सहकार म्हटल्यावर नगर-कोल्हापूरकडच्यांचे कान टवकारलेले दिसतायत. तळ्याचा तळ मात्र एका उमरावाचा, अर्ल ऑफ शाफ्ट्सबरींचा. पाणी एकाचं, मासे दुसऱ्याचे, जमीन तिसऱ्याची. आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांना हे तोडीस तोड आहे.

2023 चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. निळं-हिरवं शेवाळ इतकं माजलं की काठाशी कुणी रंगाचा डबा उपडा केलाय असं वाटे. वास कुजका, आणि कुत्र्यांना पाण्यात सोडू नका अशा पाट्या. आमच्या गणपतीला ‘तळं एवढं जवळ आहे, तिथंच जाऊ या’ असं मुलं म्हणत होती. शेवटी विसर्जन मागच्या अंगणात निळ्या बादलीत झालं. मुलीनं विचारलं, ‘बाप्पाला घाण पाण्यात सोडायचं नाही, मग आपण तेच पितो ना?’ ते पाणी शुद्ध करून येतं हे मी समजावलं. तिचं समाधान झालं असं मला वाटत नाही.

या तळ्यात उत्तर आयर्लंडच्या जवळजवळ निम्म्या जमिनीचं पाणी उतरतं. त्याबरोबर शेतातलं खत, गोठ्यांमधला राडा, गावांचं सांडपाणी, घरांच्या सेप्टिक टाक्या, आणि या सगळ्यातून फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खाद्य. त्यात बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून नितळ केलं, ऊन खोलवर पोचलं आणि शेवाळाला आणखी बरं झालं. नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, हा माझा समज तिथं मोडला. 2025 मध्ये वामेच्या अंगी पुरेशी चरबी नाही म्हणून वामेची मासेमारीच थांबवावी लागली.

म्हणून पुढच्या महिन्याची सहल कॉजवेला नाही, आर्डबोला. तिथं काठावर दहाव्या शतकातला दगडी क्रूस आहे, दोन-तीन पुरुष उंच, चारी बाजूंनी बायबलच्या गोष्टी कोरलेल्या. जवळ नवसाचं एक झाडही होतं. इच्छा मनात धरून लोक त्याच्या खोडात नाणी ठोकायचे. नवस इतके झाले की झाड त्या धातूनंच मेलं.

तिथल्या उडणाऱ्या माश्यांबद्दल एक सांगून ठेवतो. लॉख नेयच्या माश्या झाडांवर धुरासारख्या उठतात, पण चावत नाहीत. आम्ही वर्षानुवर्षं त्यांना शिव्या घातल्या. 2024 मध्ये त्या फारशा दिसल्याच नाहीत, आणि काठावरची माणसं हवालदिल झाली, कारण मासे आणि पाखरं त्यांच्यावरच जगतात. गाडीची काच खाली केल्यावर चार-पाच आत शिरल्या तर मला बरंच वाटेल.

नावं लिहायची वही चहाच्या टेबलावर आहे. चला, पानं मांडलीत.