सभेतलं वचन आणि सोसायटीतला मार्च

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे सर्व पदाधिकारी आणि 2025 च्या डिसेंबरच्या या थंडीत आवर्जून आलेल्या मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘जाहीरनाम्याला कायद्याचं बंधन हवं का?’ त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी एका भाषणाबद्दल सांगतो. वर्ष उलटून गेलं तरी ते डोक्यातून जात नाही.

5 नोव्हेंबर 2024, कोल्हापूर. महायुतीच्या प्रचाराचा नारळ फुटला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दहा वचनं जाहीर केली. लाडक्या बहिणींना 1,500 ऐवजी 2,100 रुपये. शेतकऱ्यांना कर्जमाफी. शेतकरी सन्मान योजनेचे वर्षाला 12,000 ऐवजी 15,000. वीजबिलात 30 टक्के कपात. 45,000 गावांत पाणंद रस्ते. दुसऱ्याच दिवशी मुंबईत महाविकास आघाडीने पाच हमी दिल्या: महिलांना 3,000 आणि मोफत एसटी, शेतकऱ्यांना 3 लाखांपर्यंत कर्जमाफी आणि नियमित फेडणाऱ्यांना 50,000. सोयाबीनच्या भावाचंही तेच. क्विंटलला एक बाजू 6,000 म्हणाली, दुसरी 7,000. त्या वर्षी हमीभाव होता 4,892, आणि बाजार समितीत तेवढेही पडत नव्हते, हे इथल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल.

मी कुठल्या पक्षाचा नाही आणि आज कुठल्या पक्षाला झोडपायलाही आलेलो नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपण म्हणतो, निवडणुकीतली आश्वासनं हवेत विरतात. ती विरत नाहीत. सभेत दिलेलं वचन निकालाची वाटसुद्धा बघत नाही, ऐकणाऱ्याच्या घरात ते त्याच रात्री अमलात येतं. सरकारच्या तिजोरीतून एक रुपया निघायच्या कितीतरी आधी त्याचा खर्च ऐकणारा करून बसलेला असतो. हे मी वाचून सांगत नाही. माझी सगळी नोकरी जिल्हा बँकेत गेली, त्यातली बरीचशी पीक कर्जाच्या वसुलीत.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेड्यातला शेतकरी कर्ज घेतो ते गावच्या विविध कार्यकारी सोसायटीकडून, आणि सोसायटीला पैसा देते जिल्हा बँक. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून मार्च आला की गावोगाव एक काम चालतं, त्याला आपण ‘नवं-जुनं’ म्हणतो. जुनं कर्ज भरायचं, बेबाकी, म्हणजे काही बाकी नाही अशी नोंद, करून घ्यायची आणि नवं उचलायचं. पैसे नसले तर पाहुण्याकडून आठ दिवसांसाठी आणतात. कुणी सोनं ठेवतं, कुणी शेकडा तीनने उचलतं, पण भरतातच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गटसचिवाच्या, म्हणजे सोसायटीचा हिशेब ठेवणाऱ्याच्या, टेबलाभोवती पाय ठेवायला जागा नसते. भरणा पावत्यांचं पुस्तक, शाईचा पॅड, कुणाच्या तरी टोपीत गुंडाळून आणलेल्या नोटा आणि दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न: “बँकेतून नवं कधी पडंल?”

2025 च्या मार्चमध्ये मी आमच्या गावच्या सोसायटीत जाऊन बसलो होतो, आणि टेबलाभोवती कुणी नव्हतं. गटसचिव खतावणी उघडून बसलेला. दुपारपर्यंत एक भरणा. का? कारण नोव्हेंबरात स्टेजवरून सांगितलं होतं, कर्जमाफी होणार. आता जो भरेल तो मूर्ख ठरणार, हे पारावर ठरून गेलं होतं. आमच्या आळीतला एक शेतकरी, माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, मला दादा म्हणतो. त्याच्यावर 1 लाख 40 हजारांचं कर्ज. आजवर एकदाही थकलेला नाही. सोयाबीन विकून पैसे आले तेव्हा भरायच्या रकमेतला मोठा भाग त्याने बाजूला ठेवला होता. पण सगळे म्हणाले, थांब. तो थांबला आणि ते पैसे विहिरीच्या कामाला लावले. यात त्याचं काय चुकलं? राज्याचा मुख्यमंत्री हजारो लोकांसमोर बोलतो, त्यावर शेतकऱ्याने विश्वास ठेवायचा नाही का?

मग 28 मार्च उजाडला. बारामती तालुक्यात माळेगावला तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी सांगून टाकलं की 31 तारखेच्या आत पीक कर्जाचे पैसे भरा, राज्याची परिस्थिती पाहता यंदा आणि पुढच्या वर्षीही माफी जमणार नाही. 28 मार्च हा शुक्रवार होता. मध्ये एक शनिवार. रविवारी गुढीपाडवा आणि सोमवारी, म्हणजे 31 लाच, रमजान ईद. तीन दिवसांत, त्यातले दोन सणाचे, 1 लाख 40 हजार आणायचे कुठून?

अर्थमंत्री खरं बोलले. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही, उलट एवढं स्पष्ट कुणीतरी बोललं याला महत्त्व आहे. पण तिजोरीची ही अवस्था काही मार्चमध्ये अचानक झाली नव्हती. नोव्हेंबरात, कोल्हापूरच्या सभेच्या दिवशीही खातं त्यांच्याकडेच होतं. तेव्हा हे वाक्य का आलं नाही? माझा सगळा राग या चार-पाच महिन्यांवर आहे.

त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण हे कुठल्याच अहवालात येत नाही. तो थकबाकीत गेला. शून्य व्याजाची सवलत गेली, म्हणजे साधं 7 टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला 9,800 रुपये. नवं-जुनं झालं नाही म्हणून खरिपाला नवं कर्ज नाही. मग बियाणं आणि खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर. तिथे रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. मजुरीला पैसे लागले ते शेकडा तीनने आणले. शेकडा तीन म्हणजे महिन्याला, वर्षाचे 36 टक्के. वर सप्टेंबरात पाऊस असा पडला की सोयाबीन शेतातच कुजलं. आता त्याच्या घरी सहकार कायद्याच्या कलम 101 ची वसुलीची नोटीस येईल या भीतीने त्याचे वडील सोसायटीच्या रस्त्याने जात नाहीत. जन्मभर वेळेवर फेडणारं घर हे. मला ते बघवत नाही.

आणि जे भरत राहिले? त्यांचं दुःख आणखी वेगळं. 2017 ला छत्रपती शिवाजी महाराज सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत माफी झाली. नियमित फेडणाऱ्याला मिळाले जास्तीत जास्त 25,000. 2019 च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले योजना आली, थकबाकीदाराचे 2 लाखांपर्यंत माफ. नियमित फेडणाऱ्याला 50,000 कबूल केले, ते हातात पडायला 2022 साल उजाडलं. त्याआधी 2008 ची केंद्राची माफी. तिला दोन हेक्टरची अट. विदर्भातल्या सात एकर कोरडवाहूवाल्याचं पूर्ण कर्ज माफ झालं नाही, आणि बागायती चार एकर उसाचं झालं. मी माफीच्या विरोधात नाही, हे नीट ऐका. पीक बुडालं, भाव पडला, तर शेतकऱ्याला मोकळं केलंच पाहिजे. पण हा निर्णय आपत्ती बघून व्हावा. आपल्याकडे तो प्रचाराचं वेळापत्रक बघून होतो, त्यामुळे वेळेवर फेडण्याची सवयच गुन्हा ठरत चालली आहे. ही सवय बसायला दोन-तीन पिढ्या लागल्या. सहकारातली माणसं सायकलवरून गावोगाव फिरली तेव्हा कुठे ती बसली.

(चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. लाडक्या बहिणीचं सांगतो आणि मग कायद्यावर येतो.)

2,100 रुपये का आले नाहीत, असं बायका मला विचारतात. उत्तर भाषणात शोधू नका, अर्थसंकल्पात शोधा. 10 मार्च 2025 ला जो अर्थसंकल्प मांडला त्यात या योजनेला 36,000 कोटी होते. एका बहिणीचे वर्षाचे 1,500 गुणिले 12, म्हणजे 18,000. 36,000 कोटींना 18,000 ने भागा. बरोबर दोन कोटी बहिणी येतात. जुन्याच दराने! निवडणुकीच्या वेळी हप्ता घेणाऱ्या बहिणी दोन कोटी तीस लाखांच्या पुढे होत्या. म्हणजे 2,100 तर सोडाच, आहेत त्यातल्या काही लाख बायका कमी होणार, हे त्या आकड्यात तेव्हाच लिहिलेलं होतं. जुलैअखेर तेच झालं: 26 लाख 34 हजार नावं थांबवली गेली. त्यात चुकीचे लाभार्थी असतील, आहेतच, पुरुषांनीसुद्धा पैसे उचलले. पण छाननी मतदानाच्या आधी का झाली नाही? त्या अर्थसंकल्पात महसुली तूट आहे 45,891 कोटींची. सव्वादोन कोटी बहिणींना 600 रुपये वाढवून द्यायचे तर वर्षाला 16,200 कोटी आणखी लागतात. हा गुणाकार सातवीतली मुलगी करते. तो सभेत कुणी केला नाही. टीव्हीवर कुणी विचारलंही नाही.

आता कायदा. वेळ कमी आहे, भराभर सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 123, भ्रष्ट आचरणाची यादी. तमिळनाडूतल्या मोफत टीव्हीच्या वाटपावरून सुब्रमण्यम बालाजी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 5 जुलै 2013 ला निकाल लागला: जाहीरनाम्यातलं आश्वासन या कलमाखाली भ्रष्ट आचरण ठरत नाही. पण अशा वाटपाने निकोप निवडणुकीचा पाया हलतो हेही न्यायालयाने मान्य केलं आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली. 2014 मध्ये आचारसंहितेत जाहीरनाम्याचा भाग आला: आश्वासनामागचं कारण सांगा, पैसा कुठून आणणार ते ढोबळ मानाने सांगा, पूर्ण होतील तीच वचनं द्या. ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगाने पक्षांना एक तक्ताही सुचवला, खर्च किती आणि तो भागवणार कसा ते भरण्यासाठी. आचारसंहितेला कायद्याचं बळ नाही, त्यामुळे तो मुद्दा तिथेच राहिला.

मग बंधन हवं का? वचन मोडलं म्हणून आमदारकी घालवा, असं मी म्हणणार नाही. न्यायालयाने राज्याचा अर्थसंकल्प चालवावा हे मला पटत नाही, आणि पूर येतो, साथ येते, तेव्हा वचन मागे पडूही शकतं. मी मागतो ते एवढंच, की पैशाचं प्रत्येक आश्वासन देताना रक्कम, तारीख आणि पात्रतेची अट लिहून द्यावी. ती दिली नाही तर ते जाहीरनाम्यात छापता येऊ नये आणि सभेत बोलता येऊ नये. सभेत, हे महत्त्वाचं. कारण आमचा शेतकरी जाहीरनामा वाचत नाही, तो भाषण ऐकतो. ‘कर्जमाफी करू’ या शब्दांत कुठल्या तारखेची थकबाकी, किती रुपयांपर्यंत, नियमित फेडणाऱ्याचं काय, यातलं काहीही नसतं. ते नसतं म्हणूनच तो मार्चमध्ये थांबून राहतो.

दोन मिनिटं द्या, शेवटचं आणि आजच्या कामाचं. ऑक्टोबरअखेर नागपूरला बच्चू कडू आणि शेतकरी संघटनांचं आंदोलन झालं, रस्ते अडले, आणि सरकारने कबूल केलं की कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पर्यंत घेऊ. माजी सनदी अधिकारी प्रवीण परदेशींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आहे. निर्णय जूनमध्ये. आणि नवं-जुनं मार्चमध्ये! म्हणजे येत्या मार्चमध्ये टेबलाभोवती पुन्हा कुणी असणार नाही. जो भरेल त्याला वाटणार आपण फसलो, जो भरणार नाही त्याचं खरिपाचं कर्ज अडणार. आणि जूनमध्ये कुणाला काय मिळणार हे आज कुणालाच माहीत नाही.

म्हणून मी एक निवेदन लिहून आणलं आहे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत समितीला द्यायला. मागण्या दोनच. थकबाकीची कोणती तारीख धरणार ती फेब्रुवारी संपायच्या आत जाहीर करा. आणि जो या मार्चमध्ये भरेल त्याला, न भरणाऱ्याला मिळेल त्यापेक्षा कमी मिळणार नाही, हे शासन निर्णयात लिहून द्या. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांनीही सही करा, सोसायटीचं नाव मात्र सातबारावाल्यांनी न विसरता लिहा.