पंप लपवायचा कशाला?

[पहाट. जावळी तालुक्यातली एक वाडी. कौलांच्या फटींतून धूर निघतोय. संगीत नको, फुंकणीचा आवाज, मधूनच खोकला.]

निवेदन:
धूर चुलीतून वर जातो असं आपण म्हणतो. नीट बघा. आधी तो आजींच्या तोंडावरून जातो, मग आढ्याला लागतो, आणि राहिला तर कौलांतून बाहेर पडतो.

लग्न होऊन आल्या तेव्हापासून आजी या चुलीपुढे बसतात. घरात गॅस आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यारावळ्यांना. भाकरी चुलीवरचीच. आजींनी उभ्या जन्मात विडीला हात लावलेला नाही. तरीही छातीच्या डॉक्टरांनी त्यांना नळीत फुंकायला लावलं, तेव्हा कागदावर जो आलेख उमटला तो वर्षानुवर्षं विड्या ओढणाऱ्या माणसाच्या आलेखासारखा होता. या आजाराला सीओपीडी म्हणतात. श्वासनलिका अरुंद होत जातात आणि पुन्हा पुरत्या मोकळ्या होत नाहीत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं होतं, की सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि त्याच्या कारणांत चुलीचा धूर फार वर आहे. आजींच्या लेखी मात्र इतकी वर्षं कारण एकच होतं: वय झालं.

[जवळून: फडताळ. मसाल्याच्या डब्यामागे हात जातो. पिशवी, पिशवीत रुमाल, रुमालात औषधाचं यंत्र.]

हे कशासाठी लपवायचं? नातीची सोयरीक व्हायची आहे. "पंप लागला म्हंजी संपलं, असं म्हणत्यात लोकं," आजी सांगतात. पुढचं त्या बोलल्या नाहीत. कॅमेरा आम्ही चालूच ठेवला.

[आजींचा चेहरा. दहा सेकंद. निवेदन नाही.]

[कुंपण. धोतऱ्याचं पांढरं फूल. त्यावर दंव.]

आता जरा घराबाहेर येऊ. कुंपणाला लागून हा धोतरा उगवलाय. गुरंसुद्धा याला तोंड लावत नाहीत. विषारीच आहे, तेव्हा हे बघून कुणी प्रयोग करू नका. पण दम्याच्या आणि आजींच्या आजाराच्या औषधांची एक वाट इथूनच निघते. आपल्याकडे धोतऱ्याची वाळली पानं जाळून त्याचा धूर दमेकऱ्याला देत. ते पाहून १८०२ च्या सुमारास मद्रासहून ही वनस्पती इंग्लंड-स्कॉटलंडकडे गेली, आणि पुढे शंभरेक वर्षं युरोपातल्या औषधांच्या दुकानांत धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. होय, दम्यावर सिगारेट!

पानांतलं ॲट्रोपिन श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करतं. पण त्याचबरोबर तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, आणि मात्रा चुकली तर माणूस भ्रमात जातो. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच रेणूत फेरफार करून असं औषध बनवलं, जे फुप्फुसात काम करतं आणि रक्तात फारसं उतरत नाही. आधी इप्राट्रोपियम आलं, मग दिवसातून एकदाच घ्यायचं टायोट्रोपियम.

[धोतऱ्याच्या फुलावरून कॅमेरा सरकत आजींच्या तळहातावर. तळहातावर कॅप्सूल.]

आजींच्या हातातली ही कॅप्सूल त्याच टायोट्रोपियमची. कुंपणापासून तळहातापर्यंत दहा पावलं. मधे दोनशे वर्षं.

[प्राथमिक आरोग्य केंद्र. बाक. सिस्टर आणि आजी.]

कॅप्सूल हातात आली, पण फुप्फुसात गेली का? हे बघा.

सिस्टर: "आजी, कशी घेता ते दाखवा बरं."
आजी: "कशी म्हंजी? पाण्यासंगं."

आजींनी तीन महिने कॅप्सूल गिळली. हसू नका. गोळी गिळायचीच असते, हे सगळ्या जगाने त्यांना शिकवलेलं. यंत्र कशाला दिलंय ते विचारायचं राहून गेलं, आणि औषध देणाऱ्यानंही सांगितलं नाही. मागे रांग होती.

[जवळून: यंत्रात कॅप्सूल. खालचा भाग फिरवल्यावर 'कट्' असा आवाज. पारदर्शक भागात पांढरी पूड.]

सिस्टर शिकवतात. कॅप्सूल यंत्रात बसवायची. यंत्र फिरवायचं, की ती आत फुटते. मग तोंडाशी धरून श्वास जोरात आत ओढायचा. आजी पहिल्यांदा चुलीच्या सवयीने फुंकर मारतात, आणि सगळी पूड सिस्टरांच्या पदरावर. दुसऱ्यांदा जमतं.

[आजींच्या ओठांवर पांढरा ठिपका. त्या तो जिभेने पुसतात.]

औषध श्वासावाटेच का द्यायचं, याचं उत्तर टेबलावर ठेवलंय. डावीकडे सालब्युटामॉलची गोळी, ४ मिलिग्रॅमची. उजवीकडे त्याच औषधाचा पंप, एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग. वाडीतल्या शेतकऱ्याला हे पटकन कळलं: गोळी म्हणजे पाटाचं पाणी, पंप म्हणजे ठिबक. पाटाने अख्खं रान भिजतं, हात थरथरतात, छाती धडधडते. ठिबकने मुळाशीच पडतं. 'पंप फार स्ट्राँग असतो' हा गावोगावचा समज, आणि खरं नेमकं त्याच्या उलट.

[रेखाटनं: १९५० च्या दशकातलं अमेरिकेतलं घर. रबरी फुगा लावलेली काचेची नळी.]

हा पंप सुचला एका तेरा वर्षांच्या मुलीच्या वैतागातून. १९५५ साल. लॉस एंजेलिसच्या रायकर कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांची मुलगी सुझी दमेकरी होती. औषध घ्यायला तिच्याकडे काचेचं यंत्र होतं. त्याचा रबरी फुगा दाबत राहायचा, आणि काच कधी फुटेल सांगता यायचं नाही. तिने वडिलांना विचारलं, केसांवर मारायचा फवारा डब्यात येतो, मग माझं औषध का येत नाही?

[रेखाटन: आइस्क्रीमचा फ्रीझर, छोट्या बाटल्या.]

वडिलांनी हा प्रश्न कंपनीतल्या रसायनज्ञाकडे दिला. अर्विंग पोरुश त्यांचं नाव. अडगळीतला आइस्क्रीमचा जुना फ्रीझर काढून त्यात फवारा उडवणारा वायू थंड करून द्रवरूप केला. अत्तराच्या बाटल्यांसाठी तयार झालेली, प्रत्येक दाबाला नेमकाच थेंब सोडणारी झडप घेतली. १९५६ च्या मार्चमध्ये या पंपाला मंजुरी मिळाली. कल्पनेपासून दुकानापर्यंत जेमतेम वर्ष! आज अशी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायलाही तेवढं लागतं.

[रेखाटन: लढाऊ विमानाचा पंखा फिरतोय, तो विरघळून छोट्या प्लॅस्टिकच्या पंख्यात.]

इंग्लंडमधल्या रॉजर आल्टुनियन यांची गोष्ट तर आम्हाला कापवेना. ते डॉक्टर, जन्म सीरियातल्या अलेप्पोचा, आणि स्वतः दमेकरी. प्राण्यांवर घेतलेल्या चाचण्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून गिनीपिगच्या केसांचा अर्क स्वतःच हुंगून ते दम्याचा झटका आणायचे, आणि मग नवनवी रसायनं स्वतःवरच तपासायचे. अशी शेकडो रसायनं त्यांनी वर्षानुवर्षं पारखली. त्यातून क्रोमोग्लायकेट हे औषध निघालं. मूळ धागा एका इजिप्शियन वनस्पतीचा. पूड फुप्फुसात पोचवायचं यंत्रही त्यांनीच सुचवलं. युद्धात ते वैमानिक होते, म्हणून आत चिमुकला पंखा बसवला. श्वास ओढला की पंखा गरगरायचा आणि पूड उडायची. क्रोमोग्लायकेट आता मागे पडलंय, पण झटका येण्याआधीच तो रोखता येतो, हे या औषधाने लोकांच्या मनावर बिंबवलं.

[आरोग्य केंद्राच्या टेबलावर दोन पंप: एक निळा, एक तपकिरी.]

आणि आता या व्हिडिओत आम्हाला खरं सांगायचंय ते इथे आहे. सालब्युटामॉलचा पंप बहुतेक ठिकाणी निळ्या रंगात मिळतो. तो नळीभोवतालचा आवळलेला स्नायू सैल करतो. पाच-दहा मिनिटांत जीवात जीव येतो. पण दमा म्हणजे नुसता आवळलेला स्नायू नव्हे. नळीचं अस्तर आतून सुजलेलं असतं, चिकट कफ साचलेला असतो. निळ्या पंपाला सुजेशी देणंघेणं नाही. ती सूज उतरवतो हा दुसरा पंप. स्टिरॉइडचा. १९७२ पासून बाजारात आहे.

स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे घरातली चार माणसं एकदम बोलू लागतात. झटका आल्यावर डॉक्टर देतात ती स्टिरॉइडची गोळी मोठ्या माणसाला ३०-४० मिलिग्रॅम असते. पंपाच्या दाबात मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, शे-दोनशे. पुन्हा पाट आणि ठिबक. घेऊन झाल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही. बास.

अडचण अशी की तपकिरी पंप घेतल्यावर लगेच काहीच वाटत नाही. निळा लगेच आराम देतो, म्हणून माणूस निळ्याचा भक्त होतो. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रिनालिन या असाच झटपट आराम देणाऱ्या औषधाचे जास्त ताकदीचे पंप आले, आणि दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस फेनोटेरॉल या औषधाच्या वेळी पुन्हा तेच. तरीही सौम्य दमा असेल तर नुसता निळा पंप पुरे, हा सल्ला जगभर चालूच राहिला. तो बदलला २०१९ साली. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या मंडळाला संक्षेपात 'जिना' म्हणतात. दमेकऱ्यांच्या कामाला हे नाव! त्यांनी सांगितलं: मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसता निळा पंप यापुढे देऊ नका. स्टिरॉइड सोबत हवंच. फॉर्मोटेरॉल हे नळी सैल करणारं औषध आणि स्टिरॉइड एकाच पंपात असेल, तर तोच पंप रोज घेता येतो आणि धाप लागल्यावरही. आराम आणि सुजेवरचा इलाज एकाच दाबात.

[आजींच्या घराची भिंत. हार घातलेला फोटो. कॅमेरा थांबतो.]

हे आजींचे धाकटे दीर. त्यांना दमा होता. निळा पंप खिशात होता.

[तीन सेकंद शांतता.]

जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण आठातला एक भारतात राहतो, आणि जगात दम्याने जे मृत्यू होतात त्यातले ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात, असा जगभरातल्या आजारांची मोजदाद करणाऱ्या 'जागतिक रोगभार' अभ्यासाचा अंदाज आहे.

[मोठ्या शहरातलं रुग्णालय. बाहेरून. काचेची इमारत.]

तीव्र दम्यासाठी आता इंजेक्शनं आहेत. सूज पेटवणाऱ्या एकेका रेणूला नेमकं गाठून अडवणारी. ओमालिझुमॅब २००३ मध्ये अमेरिकेत आलं, मेपोलिझुमॅब २०१५ मध्ये, टेझेपेलुमॅब २०२१ मध्ये. डुपिलुमॅबला २०२४ मध्ये काही ठरावीक सीओपीडी रुग्णांसाठीही परवानगी मिळाली. ज्यांना ती लागू पडतात त्यांचं आयुष्य बदलतं. किंमत वाडीतल्या कुणाला परवडणारी नाही. आम्ही परत आरोग्य केंद्रात जातो.

[आजींचा नातू, वय सहा. सिस्टरांच्या हातात पाण्याची रिकामी बाटली.]

नातवाला दमा आहे. सहा वर्षांच्या पोराला पंप दाबणं आणि त्याच क्षणी श्वास ओढणं जमत नाही. मोठ्यांनाही कुठे धड जमतं? औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि पोटात जातं. त्यावर उपाय स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधलं पोकळ नळकांडं. फवारा आधी त्यात थांबतो, मग पोर आपल्या चालीने श्वास घेतं. दुकानातला स्पेसर आज केंद्रात शिल्लक नाही. पण दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्येच दाखवून दिलं, की दम्याचा झटका आलेल्या मुलांना शीतपेयाच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीचा स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो. कपाचा मात्र तितका नाही.

[जवळून: गॅसवर तापवलेली तार. पंपाच्या तोंडाच्या मापाने वाकवलेली.]

सिस्टरांनी तार आधीच पंपाच्या तोंडावर धरून माप घेतलंय. तार लाल होते. बाटलीच्या बुडाला टेकवतात, चर्र् होतं, प्लॅस्टिकचा वास येतो, नातू नाक दाबतो. भोक पडलं. कडा गरम आहेत तोवरच पंपाचं तोंड त्यात दाबून बसवायचं, म्हणजे घट्ट बसतं. फट राहिली तर चिकटपट्टी. बाटलीच्या तोंडाला नातवाचं तोंड.

सिस्टर: "हलव आधी पंप. हां. आता दाबते मी. तू नुसता श्वास घे. एक... दोन... घाई नाही... तीन..."

[बाटलीच्या आत धुक्यासारखा फवारा. श्वासागणिक तो विरळ होतो.]

पाच-सहा श्वासांत बाटली स्वच्छ दिसते. नातू विचारतो, बाटलीत पाणी कधी भरायचं.

आजी मागे बाकावर बसून सगळं बघतायत. त्यांच्या मांडीवर ती पिशवी आहे. रुमाल आज नाही.

[आजी, सिस्टर. दुरून. आवाज फक्त त्यांचा.]

आजी: "सिस्टर, ही धुवायची कशी?"
सिस्टर: "भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवायची आठवड्यातून एकदा. फडक्याने पुसायची नाही. पुसली की आत वीज धरते, औषध बाटलीलाच चिकटतं. तशीच निथळू द्यायची."

[संध्याकाळ. अंगणातली दोरी. धुतलेली लुगडी, नातवाची शाळेची चड्डी, आणि दोरीला सुतळीने बांधलेली उलटी बाटली. पाण्याचा थेंब पडतो. रस्त्यावरून जाणारं कुणीतरी थांबून बघतं.]